बार्शीच्या पेठेतलं दुकान: उधारीची वही बंद करावी का?

भगवंतनगरी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बार्शीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. आजोबांनी १९३८ साली ओट्यावर चार पोती मांडून सुरू केलं, पुढं तात्यांनी (वडिलांनी) वाढवलं. मी बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०१९ मध्ये परत येऊन गल्ल्यावर बसलो.

प्रश्न उधारीचा आहे. आज वहीत ११८ खाती आहेत आणि येणं आहे ४ लाख ६० हजार. महिन्याला साधारण १ लाख ६० हजारांचा माल उधार जातो. घाऊकवाले पूर्वी महिनाभर थांबायचे, आता सात दिवसांत पैसे मागतात. त्यात बाह्यवळणावर मोठं सुपरमार्केट झालंय. तिथं सगळं रोख, आणि साखर-तेलाचा भाव आमच्यापेक्षा कमी.

मला वाटतं येत्या पाडव्याला उधारीची नवी वही घालूच नये. तात्या म्हणतात, "उधारी बंद म्हणजे दुकान बंद. ही पेठ उधारीवर उभी राहिली." त्यांचं वय ७६. या विषयावर आमचं दोघांचं जेवताना बोलणं बंद होतं, म्हणून इथं विचारतोय. कुणी उधारी बंद केली आहे का? आणि पेठ उधारीवर उभी राहिली, हे खरं आहे का?

गोलाईवाला
तात्यांचं म्हणणं खरं आहे. मी लातूरचा, गंजगोलाईत आमचं कापडाचं दुकान. तुमची पेठ आणि आमची पेठ एकाच रुळाच्या दोन टोकांना वाढल्या. माल यायचा मोसमात, पैसा फिरायचा वर्षभर, मधलं अंतर उधारीनंच भरायचं.

रुळावरून
रूळ म्हटल्यावर मला राहवत नाही. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण ती बार्शी गाव टाळून गेली. जवळचं स्टेशन 'बार्शी रोड', म्हणजे आजचं कुर्डुवाडी. तिथून बार्शीपर्यंत सगळा माल बैलगाडीवर. बालाघाटाच्या डोंगरावरून खाली येणारा कापूस आणि धान्य बार्शीत गोळा व्हायचं आणि मग स्टेशन गाठायचं.

१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, अशा हिशोबानं त्यानं इंजिनं आणि डबे बनवून घेतले, त्यामुळं हलके, स्वस्त रूळ चालले. पुढं १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. मी लहानपणी त्या गाडीनं पंढरपूरला गेलोय. चढावर इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची.

गोलाईवाला
@रुळावरून, बोरांची गोष्ट आमच्या आजीकडूनही ऐकलेली!

लातूरला रूळ आले १९११ मध्ये आणि गंजगोलाई झाली १९१७ मध्ये. मध्ये गोल इमारत, भोवती सोळा रस्ते, आणि रस्त्यागणिक धंदा वेगळा. पण एक गोष्ट विसरू नका. लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचं (जकातीचं) नाकं. नाणंही वेगळं: आमच्याकडं हाली सिक्का, तुमच्याकडं कलदार. सात हालीचे सहा कलदार हा हिशोब आमचे आजोबा तोंडी करायचे. दोन राज्यांत, दोन नाण्यांत उधारी चालायची.

हिशोबनीस
इतिहास वाचायला गोड वाटतोय, पण भगवंतनगरींचा प्रश्न पैशाचा आहे. मी सीए आहे, अशी चाळीसेक दुकानं बघतो. दादा, दोन आकडे सांगा: भुसारात सरासरी किती टक्के सुटतात, आणि गेल्या तीन वर्षांत किती पैसे बुडाले?

भगवंतनगरी
सरासरी आठ टक्के. बुडालेले असे लिहून काढले नव्हते, पण वर्षाहून जुनी बाकी १ लाख १० हजारांच्या आसपास आहे आणि ती गेल्या तीन वर्षांतली.

हिशोबनीस
मग बघा.

वर्षाची उधार विक्री १९ लाख २० हजार. आठ टक्क्यांनी सुटतात १ लाख ५३ हजार ६००.
४ लाख ६० हजार कायम अडकलेले. बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) १२ टक्क्यांनी धरलं तर व्याज ५५ हजार २००.
बुडीत वर्षाला ३६ हजारांच्या पुढं.
हाती राहिले साधारण ६२ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार दोनशे. त्यात वसुलीच्या चकरा, पेट्रोल आणि तात्यांचा रक्तदाब धरलेला नाही.

उधारी तोट्यात नाही, पण एवढ्या जोखमीला हे फार थोडं आहे. आणि यातला मोठा भाग त्या वर्षाहून जुन्या बाकीनं खाल्लाय. रोग उधारीत नाही, मुदतीत आहे.

निफाडची_माई
हिशोबनीस भाऊ, तुमच्या गणितात एक गोष्ट सुटली. जो माणूस तेल उधार नेतो, तोच साबण, बिस्किटं, उदबत्ती रोख नेतो. उधारी बंद केली की तो नुसता उधारीचा नाही, सगळाच जातो.

मी लासलगावजवळ दुकान चालवते, नवरा गेल्यापासून एकटी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा कांद्याचे पैसे शेतकऱ्यांना धनादेशानं मिळायला लागले. धनादेश वटेपर्यंत लोकांच्या हातात काहीच नाही. मी दीड महिना सगळ्यांना माल दिला, अगदी नवख्यांनाही. कांद्याचे पैसे खात्यावर पडले तसे दारात येऊन देऊन गेले. दोघं सोडले तर सगळे. ती दीड महिन्याची उधारी नसती, तर आज माझ्या दुकानात कुणी आलं नसतं.

हिशोबनीस
माई, मुद्दा मान्य. ती रोख विक्रीही धरायला हवी. भगवंतनगरी, या ११८ जणांची रोख खरेदी किती, हे एक महिना टिपून ठेवा.

कृष्णाकाठ
सांगलीहून. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल खड्डे. तोंड अरुंद, आत पोट मोठं. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली.

माझा अनुभव २०१९ च्या पुराचा. ऑगस्टमध्ये दुकानात छातीएवढं पाणी. माल गेला त्याचं एवढं वाटलं नाही, उधारीच्या वह्या गेल्या. तीन लाखांच्या वर येणं, आणि हातात एक कागद नाही. मी पाटी लावली: "ज्यांना आठवेल त्यांनी सांगावं." दोन लाख दहा हजार आले. काहींनी तर मला माहीत होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांची घरंही पाण्यात होती, मी पुन्हा विषय काढला नाही.

तेव्हापासून खातं मोबाईलवर. नोंद केली की गिऱ्हाइकाला लगेच संदेश जातो. वाद जवळपास संपलेत.

पेठेतली_पोर
@कृष्णाकाठ, ही पाटी वाचून डोळ्यांत पाणी आलं.

वैरागकर
मी काउंटरच्या पलीकडचा माणूस. बार्शी तालुक्यातला शेतकरी, पाच एकर, दोन म्हशी. माझं बी एका दुकानात खातं हाय.

पेठ उधारीवर उभी राहिली म्हणताय, ते बरोबर. पण कुणाच्या जिवावर, ते बी लिहा. माझा आजा सांगायचा, पेरणीला दुकानातून बी आणायचं ते सवाईनं नायतर दिढीनं. एक पायली नेली की सुगीला सव्वा पायली, नायतर दीड. नेताना माप एक आणि घेताना दुसरं, असं बी व्हायचं. वही दुकानदाराची, लिहिणार दुकानदार, वाचणार दुकानदार. अंगठा तेवढा आमचा.

आता तसं कोण करत नाही, मान्य. पण वही अजून एकच हाय, आणि ती तुमच्याकडं. चार माणसांत दुकानदार वही उघडून बाकी वाचतो तेव्हा काय वाटतं, ते मला विचारा. सुपरमार्केटात भाव कमी म्हणून लोक जातात असं तुम्हाला वाटतं. आमच्या गावातली निम्मी बायामाणसं जातात, कारण तिथं कुणी बाकी वाचून दाखवत नाही.

हिशोबनीस
वैरागकर, फार महत्त्वाचं बोललात. हा राग जुना आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तिथून दख्खनचे दंगे पसरले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खतं (कर्जाचे दस्त) मागून घ्यायचे आणि जाळायचे. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे तुमच्या बार्शीलाही.

त्यात एक तरतूद मला आजही शहाणपणाची वाटते. ऋणको शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क होता. दुकानदाराच्या वहीची जोडवही गिऱ्हाइकाकडं.

वऱ्हाडी_सरकी
कारंजा (लाड) इथून राम राम. आमचं गाव कापसाच्या बाजाराचं. १८८६ मध्ये नियम घालून दिलेला देशातला पहिला कापूस बाजार इथं झाला, नंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. नाहीतर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा कापूस त्यालाच भाव कळायचा नाही.

उधारीबद्दल आमचा धडा वेगळा आहे भाऊ. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. शेतकऱ्याचे पूर्ण पैसे एकदम यायचे नाहीत, आधी एक भाग, उरलेले मागाहून. माझे वडील म्हणायचे, शेतकऱ्याचे पैसे जेवढे लांबले तेवढी आपली वही जाड झाली. वडिलांचा हिशोब चुकला नव्हता. गिऱ्हाइकाचा पैसा येण्याची वेळ बदलली होती आणि आमची मुदत तीच राहिली, दिवाळी ते दिवाळी. १९९१ मध्ये आम्ही घाऊकचं दुकान बंद केलं. आता फक्त किरकोळ.

भगवंतनगरी, तुमच्या गिऱ्हाइकाचा पैसा आज कधी येतो, ते शोधा. सारं त्यात आहे.

वकीलसाहेब_नाही
वकील नाही, पण दिवाणी कोर्टात पंचवीस वर्षं कारकुनी केली, म्हणून सांगतो.

उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्यानं बाकी लेखी कबूल करून सही केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. नुसती तोंडी "देतो हो" उपयोगाची नाही. आणि वही कितीही नीट ठेवली, तरी फक्त वहीतल्या नोंदीवर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ३४ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसंच आहे.

आणखी एक. मालाची उधारी वेगळी. अडल्या गिऱ्हाइकाला रोख पैसे व्याजानं देऊ नका. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे.

निफाडची_माई
दोन हजार रुपयांसाठी कोर्टात कोण जातंय दादा? पण सही घेण्याचं बरोबर. मी दर पाडव्याला वहीपूजनानंतर पेढा देते आणि बाकीवर सही घेते. पेढा हातात असला की कुणी नाही म्हणत नाही. :)

पेठेतली_पोर
थोडं विषयांतर. पॅकबंद धान्याचं काय करता तुम्ही लोक? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर पाच टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर नाही. आम्ही स्वतःच्या नावाची तूरडाळ पिशवीत घालून विकायचो, ते सोडून पुन्हा पोती उघडी मांडली.

गोलाईवाला
आमचे शेजारीही तेच करतात. सुटी डाळ डोळ्यांसमोर मोजून घ्यायला लोकांना आवडतं. सुपरमार्केटपुढं पेठेची ती एक जमेची बाजू आहे.

भगवंतनगरी
मंडळी, आठ दिवस लिहिलं नाही, कारण तात्यांबरोबर वही घेऊन बसलो होतो. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. वैरागकरांचा प्रतिसाद ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. बापूंनीही सवाईनं दिलंय." बापू म्हणजे माझे आजोबा. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग ११८ खाती वयाप्रमाणं लावली. साठ दिवसांच्या आतली ७१. साठ दिवसांपासून वर्षापर्यंतची २४. वर्षाहून जुनी २३. त्या २३ पैकी नऊ जण आता या जगात नाहीत किंवा गाव सोडून गेलेत. तात्यांनी ती नऊ खाती स्वतःच्या हातानं मिटवली, वर 'श्री' लिहून. उरलेल्या चौदांकडं मी एकटा, गिऱ्हाईक नसतानाच्या वेळी जाणार. वही चारचौघांत उघडायची नाही, हे आमचं दोघांचं ठरलं.

वऱ्हाडी_सरकींनी विचारलं तसं पैसा कधी येतो ते लिहून काढलं. तात्यांच्या डोक्यात जुनं पंचांग आहे: उडीद भाद्रपदात, तूर पौषात, ज्वारी फाल्गुनात. पण मधल्या २४ खात्यांपैकी सतरा घरांत आज दूध जातं, आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो! आम्ही त्यांना सुगीपर्यंतची मुदत देत होतो, आणि त्यांच्या हातात महिन्याला तीनदा पैसे येत होते. ते पैसे आधी येतात तिथं जातात, म्हणजे गाडीच्या हप्त्याला आणि रोखीच्या दुकानाला.

वैरागकर
आता कसं बोललात! मलाच विचारा. सुगीला एकदम बारा हजार द्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. दर पगाराला पाचशे देणं मला जड नाही. कुणी मागितलंच नव्हतं तसं.

हिशोबनीस
मुदत साठ दिवसांवर आणा आणि प्रत्येक खात्याला मर्यादा घाला. महिन्याला १ लाख ६० हजार उधार, साठ दिवस, म्हणजे अडकतील ३ लाख २० हजार. १ लाख ४० हजार मोकळे होतील. तेवढे घाऊकवाल्याला रोखीनं दिले तर तो भावात काही सोडेल, आणि साखर-तेलात सुपरमार्केटच्या जवळ जाता येईल.

भगवंतनगरी
तेच धरलंय. पाडव्याला नवी वही घालणार. पगारदारांना महिन्याची मुदत, दूधवाल्यांना दहा दिवसांची, बिनदुधाच्या शेतकऱ्याला पिकाची, पण मर्यादेत. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला छोटी जोडवही, तिच्यावर प्रत्येक नोंदीला माझी सही. मोबाईलचा संदेशही जाईल. तात्या आधी म्हणाले, दोन दोन वह्या कोण लिहीत बसणार. मग स्वतःच म्हणाले, "मी लिहीन. बसूनच असतो."

आणखी एक सांगायचं राहिलं. जुन्या वह्या शोधताना माळ्यावर आजोबांची एक वही सापडली. अक्षर मोडी आहे, आम्हा दोघांनाही वाचता येत नाही. एका पानाचा फोटो टाकतोय, नावं झाकून. कुणी वाचेल का?

मोडीवाचक
वाचलं. वर 'श्री'. शके १८६६, फाल्गुन वद्य, म्हणजे १९४५ चा मार्च. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. जमेच्या बाजूला पहिली नोंद: ज्वारी ३ मण. तिच्याखाली: हाली ३५ चे कलदार ३०. त्याखाली 'बाकी नाही' असं लिहून दोन आडव्या रेघा.

गोलाईवाला
३५ हालीचे ३० कलदार! सातास सहा, तंतोतंत. म्हणजे तुमच्या आजोबांचं गिऱ्हाईक आमच्या बाजूचं, निजामाच्या हद्दीतलं होतं. ज्वारी निघाल्यावर नाकं ओलांडून बाकी द्यायला आलं.

मोडीवाचक
वहीला लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात बांधून कोरड्या जागी आडवी ठेवा, आणि आधी सगळ्या पानांचे उजेडात फोटो काढा. पान १२ आणि १३ ची दोन्ही टोकं दिसतील असे फोटो पाठवाल का? या पानाच्या कडेला 'मागील बाकी पान १२' असं लिहिलंय.

भगवंतनगरी
उद्या सकाळी काढतो. तात्यांनी आत्ताच वही मांडीवर घेतलीय, सोडत नाहीत.